वेळेची वाटणी : झेनिक्स नावाच्या एका व्यवस्थेची हकीकत



चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'झेनिक्स' असे उत्तर दिले. त्यांना ते एखाद्या औषधाचे नाव वाटले, आणि युनियनचा माणूस औषधावर काय बोलणार, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. झेनिक्स हे औषध नव्हे. संगणकाला चालविणारी ती एक व्यवस्था होती. एका लहानशा, टेबलावर मावणाऱ्या संगणकावर एकाच वेळी अनेक माणसांची अनेक कामे चालवून दाखविणाऱ्या पहिल्या व्यवस्थांपैकी ती एक. आज ती वापरातून गेली आहे. गेलेल्या वस्तूची हकीकत सांगण्यासाठी मी आपली संध्याकाळ का घेत आहे, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

प्रथम माझी योग्यता सांगतो, म्हणजे आपली अपेक्षा बेताची राहील. मी दहावीपुढे शाळेत गेलो नाही. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. दहावीनंतर मी उद्यमनगरात एका फौंड्रीत दोन वर्षे वाळू चाळली आणि नंतर एका बँकेत शिपाई म्हणून लागलो. पुढे तिथेच कारकून झालो आणि कारकुनाचा युनियनवाला झालो. संगणकाविषयी मला जे काही कळते, ते एका झेरॉक्स काढलेल्या इंग्रजी पुस्तकातून, शेजारी शब्दकोश ठेवून मिळविलेले आहे. ह्यात कोठे चूक झाली तर ती माझी समजावी, पुस्तकाची नव्हे.

१९९१ साली आमच्या शाखेत संगणक आला. काचेची एक खोली केली, तिला गारव्याचे यंत्र लावले, आणि आम्हा शिपायांना बूट-चपला बाहेर काढावयास सांगितले. खोलीत एक पेटी ठेवली आणि बाहेर काउंटरवर आठ पडदे व आठ कळफलक मांडले. रोज सकाळी ते पुसण्याचे काम माझ्याकडे होते. मी चार दिवस आठ संगणक पुसतो आहे अशाच समजुतीत होतो. आमचे हेडक्लार्क होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते मला म्हणाले, "लेका, ही आठ नुसती तोंडं आहेत. पोट एकच आहे, त्या खोलीत."

एक पोट आणि आठ तोंडे! मग एकाच्या तोंडात घास असताना बाकीची सात उपाशी कशी राहत नाहीत? हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो आजतागायत उठलेला नाही. अण्णांनाही उत्तर ठाऊक नव्हते. पण माणूस जिज्ञासू. यंत्राबरोबर आलेले जाडजूड पुस्तक त्यांनी घरी नेऊन वाचावयास घेतले, आणि मीही संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसू लागलो. त्या पुस्तकाच्या पाठीवर नाव होते, 'झेनिक्स'.

आता त्या प्रश्नाचे उत्तर. आपण कोल्हापूरकर आहोत, तेव्हा तालमीचेच उदाहरण घेऊ. आखाडा एक, वस्ताद एक, आणि पोरे वीस. सर्वांना एकदम मातीत उतरविता येत नाही. वस्ताद एक जोडी उतरवितो, थोडा वेळ खेळवितो, "बास, आता दुसरी" म्हणतो, आणि पुढची जोडी घेतो. तोवर बाकीची पोरे जोर-बैठका काढीत असतात. तास संपतो तेव्हा प्रत्येकाला वाटते, आज वस्तादांनी माझ्याकडेच लक्ष दिले. संगणकाची ही व्यवस्था म्हणजे तो वस्ताद. फरक एवढाच, की तालमीत पाळी मिनिटांनी बदलते आणि इथे सेकंदात पन्नास-साठ वेळा घड्याळाचा टोला पडतो. प्रत्येक टोल्याला व्यवस्था जागी होते आणि विचारते, ह्याचा वेळ झाला का? झाला असेल तर त्याला उठविते आणि दुसऱ्याला बसविते. माणसाच्या डोळ्याला हे कळत नाही. आठही कारकुनांना वाटते की यंत्र माझ्या एकट्याचेच आहे.

ह्यात एक बारकावा आहे, आणि पुढच्या सगळ्या बोलण्याचा पाया तोच आहे. पाळी बदलण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत वस्ताद उठवितो. दुसरीत पोराने आपण होऊन उठावयाचे असते. ह्या दुसऱ्या पद्धतीला त्या शास्त्रात 'सहकारी' असेच म्हणतात. ॲपलचे मॅकिन्टॉश आणि मायक्रोसॉफ्टचे सुरुवातीचे विंडोज ह्याच सहकारी पद्धतीने कामे चालवीत. त्यात एखादा कार्यक्रम खुर्ची सोडीनासा झाला की सगळे यंत्र अडून बसे. सहकाराच्या ह्या जिल्ह्यात, खुर्ची न सोडणाऱ्याने काय होते, हे मी आपणांस समजावून सांगण्याची जरुरी नाही. झेनिक्सची पद्धत पहिली होती. तिथे कितीही मोठे काम असो, टोला पडला की उठावे लागे.

ही युक्ती झेनिक्सने शोधली नाही. तिचे कूळ जुने आहे. १९५० च्या दशकात संगणक म्हणजे खोलीभर यंत्र, आणि त्याचा एक तास म्हणजे मोठी रक्कम. तिथे एकाचे काम संपेपर्यंत बाकीचे ताटकळत. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटून दाखविला. पुढे १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी 'युनिक्स' नावाची सुटसुटीत व्यवस्था रचावयास घेतली. बेल प्रयोगशाळा ही एटी अँड टी ह्या टेलिफोन कंपनीची, आणि १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे ह्या कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स दुकानात आले नाही, ते विद्यापीठांना अल्प किमतीत मिळाले. विद्यार्थ्यांनी ते उघडून पाहिले, दुरुस्त केले, वाढविले. कुलूप न लावलेल्या वस्तूची वाढ कशी होते, ह्याचे ते उदाहरण आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस लहान संगणक निघाले. मायक्रोसॉफ्ट ही तेव्हा एक लहान कंपनी होती. तिने एटी अँड टीकडून युनिक्सचा परवाना घेतला आणि ऑगस्ट १९८० मध्ये लहान यंत्रांसाठी आपली आवृत्ती जाहीर केली. युनिक्स हे नाव वापरण्याची मुभा परवान्यात नव्हती, म्हणून 'झेनिक्स'. मायक्रोसॉफ्ट ते गिऱ्हाइकाला थेट विकत नसे. यंत्रे बनविणाऱ्या कंपन्या ते घेत आणि आपापल्या यंत्रावर बसवीत. कॅलिफोर्नियात सॅन्टा क्रूझ ह्या गावी मायकेल्स नावाच्या पितापुत्रांनी १९७९ साली एक कंपनी काढली होती. तिने १९८३ मध्ये आयबीएमच्या टेबलावरच्या संगणकावर झेनिक्स चालवून दाखविले.

त्याच काळात, १९८१ मध्ये, मायक्रोसॉफ्टने आयबीएमला 'डॉस' दिले होते. डॉस हे एका माणसाचे, एका वेळी एकच काम करणारे. ते स्वस्त होते, थोड्या जागेत मावत असे, आणि घरोघर गेले. झेनिक्सला जास्त स्मृती लागे, जास्त मोठी तबकडी लागे. शिवाय आरंभीच्या यंत्रांत एक उणीव होती. एका कामाने दुसऱ्याच्या जागेत हात घातला तर तो अडविण्याची सोय त्यांच्या मूळ घडणीत नव्हती. १९८२ च्या '२८६' ह्या गणकात तशी भिंत आली, आणि १९८५ च्या '३८६' मध्ये ती चांगली पक्की झाली. १९८७ मध्ये सॅन्टा क्रूझवाल्यांनी ३८६ साठी झेनिक्स तयार केले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने झेनिक्सचा हक्क त्यांच्या हवाली करून बदल्यात कंपनीत भाग घेतला. १९८५ मध्ये निघालेल्या अमिगा नावाच्या घरगुती संगणकातही वस्तादाने उठविण्याचीच पद्धत होती. पण तो एका माणसाने वापरावयाचा. ज्यांना थोड्या पैशांत एका पेटीवर दहा कारकून बसवावयाचे होते, त्यांच्यासाठी झेनिक्स आणि त्याचे भाऊबंद होते. आणि असे लोक हिंदुस्थानात पुष्कळ होते. इथे यंत्र महाग आणि कारकून स्वस्त!

आता आपल्याकडे वळतो. मंडळी, संगणक आणि युनियन हे भांडण आपल्या देशात झेनिक्सहून जुने आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. कलकत्त्यात तर महामंडळाच्या इमारतीत यंत्र येऊ नये म्हणून पहारे बसविले होते. सरकारने १९६९ मध्ये स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले पुण्याचे प्राध्यापक वि. म. दांडेकर. हा विरोध अडाणीपणाचा होता असे आज कोणी म्हटले की मला राग येतो. ज्याची भाकरी जाणार आहे त्याने विचारलेला प्रश्न अडाणी कसा? पण प्रश्न नेमका कोणता विचारावयाचा, ह्यात आपली गफलत झाली असे मात्र मला वाटते. त्याकडे मी पुढे येतो.

१९७८ मध्ये आयबीएम कंपनी हिंदुस्थानातून निघून गेली आणि देशी कंपन्या यंत्रे जुळवू लागल्या. बँकांतल्या संगणकीकरणाचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने डॉ. रंगराजन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ चा. त्याच्या आदल्याच वर्षी, ८ सप्टेंबर १९८३ रोजी, बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना ह्यांच्यात यांत्रिकीकरणाचा पहिला मोठा करार झाला होता. पुढे १९८७ मध्ये दुसरा आणि १९९३ मध्ये तिसरा झाला. बँकांची यंत्रे पुष्कळशी युनिक्सच्या घराण्यातली घेतली गेली, आणि लहान शाखांत त्या घराण्याचा लहान भाऊ म्हणून झेनिक्स आले. पुण्याला १९८८ मध्ये 'सी-डॅक' ही संस्था निघाली. तिने अशा यंत्रांना जोडावयाचे देवनागरीचे पडदे तयार केले. आमच्या शाखेत ते आले नाहीत, पण यंत्रावर मराठी अक्षर उमटते हे मी एका प्रदर्शनात पाहिले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता आमच्या त्या काचेच्या खोलीत परत येतो. जून महिना, सहामाही अखेर. खात्यांवरच्या व्याजाची आकारणी चालू केली की आठही पडदे अडखळू लागत. गिऱ्हाईक पासबुक पुढे करून उभे, आणि पडद्यावर अक्षर उमटेना. पेन्शनर मंडळी आम्हांला शिव्या देत. अण्णांनी पुस्तकातून एक आज्ञा शोधून काढली, तिचे नाव 'नाइस'. इंग्रजीत ह्याचा अर्थ भला, सौजन्याचा. ही आज्ञा देऊन काम सुरू केले की ते काम मागच्या बाकावर बसते. दुसऱ्यांना आधी जाऊ देते आणि मोकळा वेळ मिळेल तसे स्वतःचे उरकते. अण्णांनी व्याजाच्या कामाला 'भले' केले आणि काउंटर पुन्हा चालू लागले. व्याजाला दोन तास जास्त लागले, पण रांगेतल्या म्हाताऱ्यांना ते कळलेही नाही.

त्या आज्ञेचा नियम मोठा विचार करण्यासारखा आहे. साध्या माणसाला तिच्याने आपल्या कामाचा क्रम फक्त खाली नेता येतो, वर नेता येत नाही. वर नेण्याचा अधिकार यंत्राच्या मुख्य चालकाला एकट्यालाच. म्हणजे सौजन्य कोणीही दाखवावे, पण रांगेत घुसता कोणाला येऊ नये. दुसरा नियम असा, की ज्याने गेल्या काही क्षणांत गणकाचा वेळ जास्त खाल्ला, त्याचा क्रम आपोआप मागे जातो, आणि जो वाट पाहत राहिला त्याचा पुढे येतो. कोणीही उपाशी राहू नये अशी ती रचना. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'पीएस' ह्या आज्ञेने, ह्या घटकेला यंत्रात कोणाकोणाची कामे चालू आहेत, कोणी किती वेळ घेतला, ही यादी पडद्यावर येई. साध्या कारकुनालाही ती पाहता येत असे. वाटणी कशी चालली आहे हे वाटणीत असलेल्या माणसाला दिसे.

पण आमच्या साहेबांनी त्या यंत्रावरून वेगळाच धडा घेतला. यंत्र जर एकाच वेळी आठ कामे करते, तर माणसाने चार का करू नयेत? पूर्वी आमच्याकडे रोकड घेणारा एक, देणारा एक, ड्राफ्ट काढणारा एक आणि चौकशीला एक, अशी चार माणसे होती. १९९७ साली त्यांतल्या दोघांच्या निवृत्तीनंतर जागा भरल्या नाहीत, आणि 'एक खिडकी' अशी पाटी लावून अण्णांना तिथे बसविले. रोकड त्यांची, ड्राफ्ट त्यांचा, चौकशी त्यांची, आणि टेलिफोनही त्यांच्याच उजव्या हाताला. वर्षभराने, एका सोमवारी, संध्याकाळी रोकड अठराशे रुपयांनी कमी भरली. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत अण्णांची ही पहिली तूट. त्यांना मेमो मिळाला, 'कामात हलगर्जीपणा' असा.

तोवर मी युनियनचा शाखा-प्रतिनिधी झालो होतो. अण्णांच्या बरोबर मी साहेबांपुढे बसलो, आणि बरोबर झेनिक्सचे पुस्तक नेले. साहेब म्हणाले, "माणसाची आणि यंत्राची तुलना करू नका." मी म्हणालो, "साहेब, तुलना आपणच केलीत. यंत्र आठ कामं करतं म्हणून अण्णांना चार दिलीत. आता यंत्र ती कशी करतं तेही वाचा." यंत्र जेव्हा एक काम सोडून दुसरे घेते, तेव्हा पहिल्याचा हिशेब कोठवर आला होता, हातात कोणता आकडा होता, हे सगळे आधी लिहून ठेवते. नंतर दुसऱ्याची पाटी काढते आणि मग पुढे जाते. ह्या अदलाबदलीला वेळ लागतो आणि तो वेळ त्या व्यवस्थेत धरलेला असतो. कामे फार झाली आणि स्मृती अपुरी पडली, तर यंत्र कामांची तबकडीवर नुसती ने-आण करीत राहते, काम म्हणून काही पुढे सरकत नाही. लोखंडाच्या यंत्राची ही गत. अण्णा नोटा मोजताना पंच्याऐंशीवर आले असतील आणि टेलिफोन वाजला असेल, तर ती पंच्याऐंशी त्यांनी कोठे लिहून ठेवावयाची होती? त्यासाठी त्यांना किती सेकंद दिले होते?

साहेब माणूस वाईट नव्हते. मेमो मागे घेतला गेला. अकरा ते एक ह्या गर्दीच्या वेळेला दुसरी खिडकी उघडण्याचे ठरले, आणि टेलिफोन तिथून हलला. पण अठराशे रुपये तीन हप्त्यांत अण्णांच्या पगारातून कापलेच. पुढे बँकेने स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा अण्णा पहिल्या यादीत बाहेर पडले. मी त्यांना थांबा म्हणालो. ते म्हणाले, "नको बाबा. मोजताना आता हात कापतो."

आता माझी स्वतःची चूक कबूल करतो. यंत्र आल्यानंतर आमच्या संघटनेने व्यवस्थापनाशी जो करार केला, त्यावर सही करणाऱ्यांत मीही होतो. त्यात काय होते? संगणकावर बसणाऱ्याला भत्ता किती, प्रशिक्षण कोणाला आधी, गारव्याच्या खोलीत कोणी बसावयाचे. एका माणसावर एका वेळी किती कामे घालावयाची, ह्याविषयी एक ओळ नव्हती. आम्ही दोनच प्रश्न शिकलो होतो. पहिला, यंत्र येऊ द्यावयाचे की नाही; आणि दुसरा, आलेच तर भत्ता किती. वेळेची वाटणी कोण करणार, कोणत्या नियमाने, आणि तो नियम आम्हांला दिसणार की नाही, हा तिसरा प्रश्न आम्ही विचारला नाही. अण्णांचे अठराशे रुपये ह्या तिसऱ्या प्रश्नाची किंमत होती.

आणि खरे म्हणजे हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळविली. ती वेळेचीच वाटणी होती. सात दिवसांतला एक दिवस कोणाचा, हा तो प्रश्न. १९२८ साली मुंबईत सहा महिने गिरण्यांचा संप झाला, त्याचे एक मोठे कारण हेच, की विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत अशी नवी पद्धत मालकांनी काही गिरण्यांत आणली होती. हिला ते 'कार्यक्षमता' म्हणत. एका माणसाला तीन माग दिले म्हणजे तिसऱ्या मागावरचा माणूस घरी जातो, आणि राहिलेला माणूस धावून धावून खंगतो. संपानंतर फॉसेट समिती बसली आणि तिने ती पद्धत तत्त्वतः योग्य ठरविली. पण निदान तीन माग म्हणजे काय हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होते. माझे वडील प्रथम दोन माग चालवीत, पुढे चार. सूत तुटल्याचा आवाज कोणत्या मागावरून आला हे झोपेतही ओळखावयाचे. ते रात्री दचकून उठत आणि अंधारात हात पुढे करीत, तुटलेला धागा धरावयास. मला तेव्हा त्याचा अर्थ कळत नसे. अण्णांचा हात कापताना पाहिला तेव्हा कळला.

झेनिक्सची हकीकत आता थोडीच राहिली. १९८० च्या दशकात, यंत्रांची संख्या मोजली तर, युनिक्सच्या घराण्यात सर्वांत जास्त पसरलेली आवृत्ती तीच होती असे मानतात. मायक्रोसॉफ्टची अंतर्गत टपालव्यवस्थासुद्धा कितीतरी वर्षे झेनिक्सवर चाले. पण ती कंपनी आधी आयबीएमबरोबरच्या 'ओएस-टू'कडे आणि पुढे आपल्या विंडोजकडे वळली. सॅन्टा क्रूझवाल्यांनी १९८९ पासून युनिक्स ह्याच नावाने पुढची आवृत्ती विकली. १९९१ मध्ये, म्हणजे आमच्या शाखेत पेटी आली त्याच साली, हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टॉरव्हाल्ड्सने, ३८६ यंत्रावर 'लिनक्स' लिहावयास घेतले आणि ते सर्वांना मोकळे केले. त्यापुढे झेनिक्स टिकले नाही. बँकांचा कारभार पुढे मध्यवर्ती संगणकांवर गेला. २०००-२००१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतून लाखाहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. आमची ती पेटी भंगारात गेली. मी तिच्यावरची नावाची पट्टी काढून घेतली, ती घरी आहे.

पण ते घराणे संपलेले नाही. आपणांपैकी पुष्कळांच्या खिशात जो अँड्रॉइड फोन आहे, त्याच्या पोटात लिनक्स आहे. तिथेही टोले पडतात आणि कामांच्या पाळ्या बदलतात. राजारामपुरीत रात्री नऊ वाजता उभे राहून पाहा. पाठीवर चौकोनी पिशव्या घेतलेली पोरे मोटारसायकलवर बसून त्या फोनकडे डोळे लावून असतात. फोनच्या आतली वाटणी नियमाने चालते, आणि तो नियम पुस्तकात छापलेला आहे. पण पुढची ऑर्डर ह्या पोराला की त्या पोराला, हे ठरविणारा वस्ताद दूर कोठे तरी बसलेला आहे, आणि त्याचा नियम पोरांना माहीत नाही. काल नाही म्हटले म्हणून आज काम कमी आले काय? पावसात थांबलो म्हणून मागच्या बाकावर गेलो काय? १९९१ च्या त्या पेटीत आज्ञा देऊन जी यादी मला दिसत असे, ती ह्या पोरांना दिसत नाही. गेल्या वर्षी त्यांतली काही माझ्याकडे आली. मी त्यांना विचारले, "काय मागायचं?" एक म्हणाला, "काका, जास्त पैसे." दुसरा थोडा थांबून म्हणाला, "आधी हे तरी कळू दे, की वाटप कसं करतात." मी त्याला सदस्यत्वाचा पहिला फॉर्म दिला.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमात, कामाच्या अटींत ठरावीक प्रकारचे बदल करण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. नव्या २०२० च्या संहितेतही बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. पण ही पोरे कामगार की भागीदार, हाच घोळ घालून त्यांना तिच्याबाहेर ठेवले जाते. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला, आणि काम ठरविणाऱ्या आपोआप पद्धतींची माहिती कामगाराला द्यावी, हे तत्त्व त्यात घातले. निपाणीपलीकडे जे मान्य होते ते कागलअलीकडे का होऊ नये, असा प्रश्न आपण आपल्या आमदारांना विचारू शकतो.

मी यंत्राचा शत्रू म्हणून इथे आलो नाही. ज्या व्यवस्थेने मला शब्दकोश उघडावयास लावला तिचा मी ऋणी आहे. एक आखाडा अनेकांत न्यायाने वाटता येतो, हे मला कोणा पुढाऱ्याने नव्हे, झेनिक्सने शिकविले. वाट पाहणाऱ्याचा क्रम पुढे यावा, फार खाणाऱ्याचा मागे जावा, काम बदलताना लागणारा वेळ हिशेबात धरावा, आणि चाललेली वाटणी सर्वांना दिसावी, एवढे चार नियम तिच्यात होते. माणसे कामाला लावणाऱ्यांकडे आपण ह्याहून जास्त काही मागत नाही.

अण्णा आज हयात नाहीत. त्यांच्या मुलाने ते पुस्तक मला दिले. त्यात 'नाइस' आज्ञेच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने मराठीत लिहिले आहे, "हे साहेबांना दाखवणे." ते मी एकदा दाखविले. आज आपणांस दाखविले.